मागून उत्तर देणारी

१२ सप्टेंबर

ही वही माझ्या लेकीच्या, नुकच्या शाळेसाठी आणली होती. बाईंनी रेघांची मागितली, ही निघाली चौकटींची. वाया कशाला घालवायची, म्हणून मी घेतली. इथले शब्द टिपून ठेवीन म्हणते.

कारखान्यात नऊ वर्षं मी शाळेत शिकलेली भाषा बोलले, माझं काही अडलं नाही. बाओलूशी लग्नही त्याच भाषेत जमलं. पण त्याच्या गावी येऊन तीन आठवडे झाले, तरी सासूबाईंचा दर तिसरा शब्द माझ्या डोक्यावरून जातो. मी तोंड उघडलं की त्या कपाळाला आठ्या घालून "काय?" म्हणतात. बाओलू आम्हा मायलेकींना इथे सोडून दुसऱ्याच दिवशी तिएनचिनला, बांधकामावर परत गेला. जाताना म्हणाला, "आई तोंडाने तिखट आहे, मनाने नाही." मन अजून दिसायचंय.

आज व्हिनेगर आणायला गेले होते. येताना शेजारच्या चौ काकू फाटकात उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ह्वेलाय ल?" म्हणजे, परत आलीस? मी थांबले, बाटली खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. दुकान बंद होतं, मग मागच्या गल्लीत गेले, तिथे काळं व्हिनेगर संपलेलं... काकू इतक्या हसल्या की त्यांना भिंत धरावी लागली.

"अगं पोरी, मी चौकशी नाही केली! तू आलीस, मी बघितलं, एवढंच. तूही म्हणायचं, ह्वेलाय ल. झालं! मग तू तुझ्या घरात, मी माझ्या."

"पण मी आलेली तुम्हाला दिसतेयच की."

"दिसतेस म्हणूनच विचारते. न दिसणाऱ्याला कोण विचारणार?"

१५ सप्टेंबर

सराव चालू आहे. विचारताना शेवट जरा वर न्यायचा, उत्तर देताना खाली सोडायचा. सासूबाई तो शेवटचा 'ल' इतका ओढतात की दारातून आत येऊन चप्पल काढेपर्यंत पुरतो. काकू म्हणतात, या घराची ही खोडच आहे, बाओलूची आजीसुद्धा असाच ओढायची.

एक गोष्ट मला खटकते. या शब्दांत कोण आलं ते नसतंच. मी, तू, तो, बकरी, सगळ्यांना तेच. आम्ही माझ्या आईच्या बोलीत आधी 'मी' म्हणतो आणि मग पुढचं. इथे उत्तर देताना मला दर वेळी वाटतं, काहीतरी वाटेत सांडलं.

नुक अजून हे म्हणत नाही. सहा वर्षांची आहे, हट्टी आहे. शाळेतून आली की सरळ माझ्याकडे येते आणि आमच्या बोलीत म्हणते, "आई, भूक." सासूबाई लसूण सोलत असतात, मान वर करत नाहीत. "झाला चिवचिवाट सुरू!" नुक हे नाव तर त्या घेतच नाहीत. "हे काय नाव आहे? खोकला आल्यासारखं." त्यांच्या तोंडी ती 'नीनी'. इकडे मुलीला नीनीच म्हणतात, कुणाच्याही.

२६ सप्टेंबर

नुक कालव्यात पडली. जिवंत आहे.

आम्ही मक्याची कणसं तोडत होतो. ती बांधावर खेळत होती. पंपावरच्या माणसाने ओरडून उडी टाकली आणि तिला केसांना धरून वर काढलं. मी कशी धावले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की सासूबाई आल्या नाहीत. नात बुडत होती आणि त्या वीस पावलांवर, कालव्याकडे पाठ करून, मांडीवर कणसं घेऊन बसून राहिल्या. नुकच्या तोंडातून पाणी निघालं, ती रडली, तरी त्या वळल्या नाहीत.

हे मी त्यांना कधीच माफ करणार नाही. लिहून ठेवते.

२९ सप्टेंबर

ताप उतरत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात दोन दिवस सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, घरी न्या. पण ती बोलत नाही. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत राहते. मी आमच्या बोलीत हाका मारते, पापणीसुद्धा हलत नाही.

चौ काकू येऊन बसल्या. तिचा तळवा दाबून पाहिला. म्हणाल्या, "देह आणलात, जीव तिथेच राहिलाय. भ्यायलेलं पोर आहे. बोलावून आणायला हवं." मग सासूबाईंकडे वळून, "तुलाच करायला हवं."

"मी नाही करणार."

"मग पोर जाईल."

सासूबाई चुलीपाशी गेल्या आणि बराच वेळ नुसत्या लाकडं मोडत बसल्या.

३० सप्टेंबर

आज दिवस मावळताना केलं. पद्धत अशी. कालव्यावर जायचं, जिथे पोर पडलं तिथून एकीने हाका मारत घरी यायचं. दुसरीने मागून पोराचं जाकीट घेऊन चालायचं आणि दर हाकेला उत्तर द्यायचं, "ह्वेलाय ल." मागे वळून बघायचं नाही. दुसरा शब्द काढायचा नाही.

मी म्हटलं, "हाक मी मारते. आई मी आहे."

"इथल्या पाण्याला तुझी भाषा कुठे कळायची?" सासूबाई म्हणाल्या. "तू उत्तर दे. तेवढं तरी येतं ना आता?"

त्या पुढे, मी मागे. "नीनी, घरी ये गं!" "ह्वेलाय ल." सुरुवातीला त्या हाका मारत होत्या त्या, काम उरकावं तशा. पॉपलरच्या झाडांच्या रांगेशी आलो आणि त्यांचा आवाज बदलला. इतक्या मायेने त्यांनी नुकला कधी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "नीनी, पाणी गार आहे, घरी ये. नीनी, आईने तुझ्यासाठी चूल पेटवलीय." मला रडू आलं. वाटलं, बाओलू खरंच सांगत होता, मनाने तिखट नाहीत.

माझं उत्तर दर वेळी बरोबर उतरलं. शेवट खाली, 'ल' लांब. जाकीट मात्र घराशी येईतो इतकं जड झालं की दोन्ही हातांनी धरावं लागलं. बाही चक्क ओली होती. दव पडलं असणार.

दारात सासूबाईंनी आतल्या अंधाराला विचारलं, "ह्वेलाय ल?" मी उत्तर दिलं. जाकीट नुकच्या अंगावर घातलं. तिने डोळे मिटले आणि झोपली.

२ ऑक्टोबर

ताप गेला! सकाळी उठून तिने मक्याच्या पेजेचे दोन वाडगे संपवले. पेज तिला आवडत नाही, इथे आल्यापासून नाक मुरडायची. आज वाडगा चाटला. सासूबाई समोर बसून तिच्याकडे बघत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हत्या.

नवल म्हणजे ती इथली बोली बोलायला लागलीय, ठसक्यासकट. आजारात पोरं भराभर शिकतात, असं शाळेच्या बाई म्हणाल्या.

७ ऑक्टोबर

सुखाचे दिवस. सासूबाई तिला कांगवर, म्हणजे खालून ऊब देणाऱ्या ओट्यावर, आपल्या शेजारी निजवतात, खालच्या विटा तापल्या आहेत की नाही ते हाताने चाचपून बघतात. तिचे केस विंचरतात. मला परवा म्हणाल्या, "तू बस, भांडी मी घासते." ऐकून मी घाबरलेच.

संध्याकाळी बाओलूचा फोन आला. नुकच्या हातात दिला. ती म्हणाली, "दादा, तू कधी येणार?" मी हसून म्हटलं, अगं, बाबा म्हण. ती पुन्हा "दादा"च म्हणाली. सासूबाईंना आता 'आई' म्हणते ना, बाओलू म्हणतो तशी, म्हणून सगळंच उलटंपालटं झालंय तिचं. मग मला काय म्हणते? काहीच नाही. खरंच, आठवडाभरात तिने मला कशानेच हाक मारलेली नाही.

बाओलूने फोनच बंद केला.

९ ऑक्टोबर

बाओलू अचानक आला. मुकादमाशी भांडून आला म्हणे. नुक धावत दारापर्यंत गेली, मान वाकडी करून बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, तू केवढा म्हातारा झालास!"

आम्ही सगळे हसलो. म्हणजे मी हसले.

त्याने तिला उचललं नाही. एरवी बॅग ठेवायच्या आधी उचलतो. जेवताना ती डाव्या हाताने काड्या धरून खात होती आणि तो आपल्या वाडग्यातून नजर वर करत नव्हता. जेवणानंतर तो आणि सासूबाई आतल्या खोलीत गेले. दार लावलं. त्याचा आवाज चढलेला, त्यांचा शांत. शब्द कळले नाहीत, भराभर बोलत होते. बाहेर आला तेव्हा ओठ पांढरे.

"काय झालं?"

"काही नाही."

"माझ्यावरून का?"

"तुझ्यावरून नाही. तू... उत्तर तू दिलंस का? त्या दिवशी?"

"हो. छान जमलं मला."

तो ताडकन उठला आणि पहाटेच्या गाडीने जायचा तो संध्याकाळच्याच गाडीने गेला. मी चिडून पोचवायलाही गेले नाही.

२४ ऑक्टोबर

गहू पेरून झाला. नुकने डुकरांच्या गोठ्यामागचा दगड सरकवून एक पत्र्याचा डबा काढला. आत मेंढीच्या गुडघ्याच्या पाच हाडकं, लाल रंग उडालेली. सागरगोटे खेळतात तसं ती डाव्या हाताने खेळते, एकही खाली पाडत नाही. तिला ते कुणी शिकवलं, म्हटलं. म्हणाली, "माझेच आहेत." सासूबाई म्हणाल्या, "बाओलूचे जुने असतील."

चौ काकू भिंतीवरून बघत होत्या. मी हाक मारली तर आत निघून गेल्या. हल्ली येतच नाहीत. माझं काही चुकलं का?

८ नोव्हेंबर

आज नुकला म्हटलं, चल, आपण आजीला फोन करू, डोंगरातल्या. माझ्या आईने फोनवर गाणं म्हटलं, तिच्या जन्मापासून म्हणते ते. नुक फोन कानाला लावून उभी राहिली, मग माझ्याकडे देत म्हणाली, "ही बाई काय बोलते ते मला कळत नाही."

आईने ऐकलं. मला विचारलं, "कोण बोललं हे?"

"नुक."

"नुक नाही ती," आई म्हणाली. मी म्हटलं, लाइन खराब आहे.

रात्री तिचे हात धुताना पाहिलं. बोटांची टोकं सुरकुतलेली होती, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी. मी सकाळपासून तिला पाण्याला हात लावू दिला नव्हता.

१७ नोव्हेंबर

आज मेलेल्यांना थंडीचे कपडे पाठवायचा दिवस. सासूबाईंनी रंगीत कागदांचे कोट कापले, सासऱ्यांसाठी, आजेसासूसाठी. चौकात गोल आखून सगळ्या बायका जाळत होत्या. दुकानदारीण म्हणाली, "मावशी, यंदा फुलाफुलांचा कागद नाही नेलात? दर वर्षी छोट्या कोटासाठी नेता."

"यंदा एक कमी," सासूबाई म्हणाल्या. आणि हसल्या. मी त्यांना असं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

आगीच्या पलीकडून चौ काकू माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

१८ नोव्हेंबर

मी काकूंकडे गेले. त्यांनी दार अर्धं उघडलं.

"काकू, छोटा कोट कुणाचा?"

"तुझ्या नवऱ्याला विचार."

"तो फोन उचलत नाही. तुम्ही सांगा. मला 'ह्वेलाय ल' तुम्ही शिकवलंत ना? मग हेही सांगा."

काकूंनी मला आत ओढून दार लावलं. बाओलूला एक बहीण होती. सहा वर्षांची. मक्याच्या दिवसांत कालव्यात गेली. सासूबाई वीस पावलांवर कणसं तोडत होत्या. लहान पोरांना इथे घराण्याच्या स्मशानात पुरत नाहीत, नाव घेत नाहीत, फोटो ठेवत नाहीत. म्हणून मला कुणी सांगितलं नाही.

"नाव काय होतं तिचं?"

"शाळेत जायच्या आधीच गेली. शाळेचं नाव ठेवलंच नव्हतं. नीनी म्हणायचे."

मी वही उघडून मागची सगळी पानं वाचली. हे सगळं माझ्याच हाताने लिहिलंय. मला कसं दिसलं नाही?

१९ नोव्हेंबर

घडलं तसं लिहिते.

दुपारी नुक निजली होती. मी सासूबाईंसमोर बसले. म्हटलं, "आई, तुम्ही कुणाला बोलावलंत?"

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "मी नीनीला बोलावलं. तुझीही नीनी, माझीही नीनी. कोण येईल ते माझ्या हातात होतं का? पॉपलरपर्यंत मी तुझीच आणत होते. देवाशपथ. मग मला वाटलं मागून... पावलं मला ओळखू आली." मग म्हणाल्या, "आणि 'आलं' असं तू म्हणालीस. मी नाही."

"माझी कुठे आहे?"

त्यांनी पोरीचं पांघरूण सारखं केलं.

"आई, माझी मुलगी कुठे आहे?"

"दोघी राहू देत की. मी दोघींना जेवू घालीन."

"देह एकच आहे."

"एकवीस वर्षं, पोरी," त्या म्हणाल्या. मला त्यांनी 'पोरी' पहिल्यांदाच म्हटलं. "एकवीस वर्षं मी त्या पाण्याकडे बघितलेलं नाही. आणि ती दीड महिना माझ्या कुशीत निजते. तू मला काय सांगतेस, परत सोडून ये?"

मला त्यांची कीव आली. ते खरं आहे. पण मी उठले, नुकचं जाकीट घेतलं. "मी माझीला आणायला चालले," म्हटलं. "उत्तर द्यायला कुणी नसेल तर एकटी आणीन."

"एकटीने होत नसतं."

"माहीत आहे."

सूर्य जमिनीला टेकला होता. कालव्यात पाणी गुडघ्याएवढंच, काठाला पातळ बर्फ. मी आमच्या बोलीत हाक मारली. आधी तिचं नाव, मग माझं, मग डोंगरातल्या घराचं. इथल्या पाण्याला कळो न कळो, जिला कळायचं तिला कळेल. "नुक, मी तुझी आई, घरी चल." मागे सगळं गप्प. चार पावलं टाकली, पुन्हा हाक. गप्प. मला वाटलं, ती तिथे आहे, ऐकतेय, पण आल्याचं सांगणारं कुणी नाही म्हणून पाय उचलत नाही.

तिसऱ्या हाकेला मागून उत्तर आलं. "ह्वेलाय ल."

सासूबाई होत्या. आवाज फाटलेला. मी वळले नाही. मी हाक मारायची, त्यांनी उत्तर द्यायचं. दर उत्तराला त्यांच्या पोटातून काहीतरी उपटून काढल्यासारखं वाटत होतं. त्या काय देऊन टाकत होत्या ते मला कळत होतं आणि तरीही मी हाका मारत राहिले. पॉपलरच्या पुढे त्यांचा आवाज बारीक झाला, दमल्या असाव्यात. पण चुकला नाही. पंपाशी, विटांच्या ढिगाशी, गल्लीच्या तोंडाशी, प्रत्येक हाकेला उत्तर.

दारात मी थांबले, शेवटची हाक मारली. पाठीमागे अगदी जवळून, कमरेच्या उंचीवरून वाटावं असं उत्तर आलं. मी आत गेले आणि जाकीट पोरीच्या अंगावर टाकलं.

तिने डोळे उघडले, खोकली. तोंडातून घोटभर पाणी उशीवर आलं. माझ्याकडे बघून आमच्या बोलीत म्हणाली, "आई, इतका वेळ का लावलास?"

सासूबाई अर्ध्या तासाने आत आल्या, दारातूनच कुठे फिरल्या कोण जाणे. गुडघ्यांना चिखल. कांगच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून निजल्या.

२० नोव्हेंबर

नुकने पेज ढकलून दिली. उजव्या हाताने. दीड महिन्यातलं तिला काही आठवत नाही. फक्त म्हणाली, पाण्यात पडले तेव्हा तिथे माझ्याएवढी एक मुलगी होती, तिने माझा हात धरून ठेवला होता, म्हणून मी वाहून गेले नाही.

बाओलूला फोन लागला. सगळं सांगितलं. तो रडला. परवा येतोय.

२१ नोव्हेंबर

आज सासूबाई आणि मी अंगणात कोबी खारवत होतो. त्या पानं वेगळी करत होत्या, मी मीठ चोळत होते. दोन दिवसांत आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. मीच म्हटलं, "आई, परवा तुम्ही शेवटपर्यंत उत्तर दिलंत. ते मी विसरणार नाही."

त्यांचा हात थांबला. "शेवटपर्यंत कुठे? पॉपलरशी माझे पाय गेले. तिथेच बसले मी. म्हटलं, आता माझ्याच्याने नाही होत. तुला हाकही मारता येईना, मधे दुसरा शब्द काढायचा नसतो ना. अंधार पडल्यावर सरपटत, भिंत धरून आले."

मी मीठ चोळत राहिले. बोटं झोंबत होती.

"मग पॉपलरच्या पुढे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोबीचा गड्डा मांडीवरून घसरून गडगडत गेला, कुणी उचलला नाही.

"आलं होतं उत्तर?"

"प्रत्येक हाकेला."

"कसा आवाज होता?"

"बारीक. मला वाटलं तुम्ही दमलात."

"भ्यायलेला होता? रडत होती?"

मी आठवून पाहिलं. त्यांच्यासाठी चांगलं तेच सांगावं असा मोह झाला, पण खोटं बोलायची गरजच नव्हती. "नाही," म्हटलं. "स्पष्ट होता. घाई नव्हती. 'ल' अगदी तुमच्यासारखा ओढत होती."

सासूबाईंनी मिठाचे हात तोंडावर धरले. मग हात खाली घेतले, माझ्या जवळ सरकल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या.

"कसं म्हणाली?" त्या म्हणाल्या. "म्हणून दाखव. मला तिच्यासारखं म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. त्यांनी मान हलवली. "अजून थोडं लांब," त्या म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं.